अंगणातलं बूच

दोन्या कुकाला शिसारी येईल अशा गोष्टी या शहरात पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा चाकांवर चालत. घराएवढ्या उंच मोटारीत एकटीच बसून आरशात बघत ओठ रंगवणारी बाई. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून भोंगा बडवणारा. पदपथावर दोन चाकं चढवून, ‘हा आलोच’ म्हणून दुपारभर गायब होणारा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी सिमेंट भरलेल्या बादल्या मांडून, खांद्यावर लाल फडकं टाकून, ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत लोकांना त्यांच्याच रस्त्यातली जागा विकणारा तो माणूस. पोर्तालेस वस्तीत त्याचं नावच येऊद्या पडलं होतं. कुका त्याच्याकडे बघून थुंकत नसे, कारण थुंकणं तिला घाणेरडं वाटे; पण थुंकल्यासारखं बघायची हातोटी तिच्याकडे होती.

तिचं खरं नाव रेफुहिओ सामुदिओ; दोन्या हा आपल्या ‘बाईं’सारखा मान. मेक्सिको शहरात रेफुहिओ नावाच्या बाईला सगळे कुका का म्हणतात हे कोणी विचारत नाही, तिनेही विचारलं नव्हतं. वय साठीला टेकलेलं, बांधा ठेंगणा, हात मात्र सोनाराचे. ती कवळ्या करायची. घराच्या मागच्या खोलीत तिचं दुकान म्हणा, कारखाना म्हणा, जे काही होतं ते होतं: प्लॅस्टरचे जबडे, गुलाबी हिरड्या, दातांचे ट्रे. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि ही कवळ्या बनवून स्वतःच्या हाताने पोचवत असे. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायची तिची तयारी नव्हती. दुसऱ्याच्या हातून जाते ती कवळी तुटून पोचते, असं तिचं म्हणणं, आणि एकदा तसं झालंही होतं. म्हणून गाडी हा तिच्यासाठी चैनीचा भाग नव्हता. गाडी थांबली की काम थांबलं, आणि काम थांबलं की मुलीच्या घरी केरेतारोला जाऊन जावयाच्या टीव्हीसमोर बसायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती उघडपणे म्हणे. जावयासमोरसुद्धा.

गाडी चालवायला ती पावाच्या व्हॅनवर शिकली होती, बापाशेजारी बसून. तेव्हापासून तिचं एक ठाम मत होतं: गिअर हाताने टाकावा, क्लच पायाने दाबावा, आणि ज्याला हे जमत नाही त्याने बसने जावं. ऑटोमॅटिक गाडीला ती ‘पांगुळगाडा’ म्हणायची.

आता अंगणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड अंगणातच झाली. इमारत तीन मजल्यांची, बिऱ्हाडं सहा, आणि मधलं अंगण ज्याने बांधलं त्याने आयुष्यात बहुधा घोडाच पाहिला असावा. तिथे पाच गाड्या राहत. तीन गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या, आणि त्यांच्या शेपटांमागे दोन गाड्या आडव्या, एकीमागे एक. भिंतीकडच्याला बाहेर पडायचं तर आडवी गाडी थोडी पुढे किंवा थोडी मागे सरकवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि दर वेळी मालकाला तीन जिने चढून हाक मारायची कोणी? म्हणून पहिल्या दिवसापासून नियम ठरलेला: आडवी गाडी लावणाऱ्याने ती न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही. फरशी तळहातासारखी सपाट. ज्याला जायचं असेल त्याने दोन्ही हात लावून ढकलायचं, आपली गाडी काढायची, आडवी पुन्हा जागेवर सरकवायची आणि चालू पडायचं. शहरात निम्म्या इमारती अशाच चालतात. कोणाची किल्ली नको, कोणाची मेहेरबानी नको.

किल्ली नको, हा भाग कुकाला विशेष प्रिय होता. तिचा नवरा नाबोर, देव त्याला सुखात ठेवो, मनाने इतका मोठा की त्याने त्यांची पहिली गाडी चुलतभावाला लग्नाच्या वरातीपुरती दिली. वरात गेली, चुलतभाऊ गेला, गाडीही गेली. लग्न कोणाचं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्या दिवशी कुकाने शपथ घेतली की आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. नाबोर आजारी पडला तेव्हा त्याचा सख्खा भाऊ औषध आणायला किल्ली मागत होता, तर ही स्वतः उठून गेली.

अंगणातली एक आडवी जागा कुकाची. आणि नियमाची राखण करायचं काम तिला कोणी दिलं नव्हतं, तिने घेतलं होतं. एखादा गाडी गिअरमध्ये टाकून गेला, की कुका कोपऱ्यावरच्या स्पॅनिश खाणावळीतून दारूच्या बाटलीचं बूच आणायची आणि त्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध उभं करून ठेवायची. बोलायची काही नाही. बाटलीच्या तोंडात अडकून बसतं ते बूच, आणि अंगणाच्या तोंडात अडकून बसतो तोही बूचच. शब्द तिचाच, आणि अंगणाने तो आनंदाने उचलला. ‘आज कोण बूच झालंय?’ असं लोक जिन्यावरून विचारत. बूच पाहिलं की माणूस ओशाळून पुन्हा तशी चूक करत नसे.

अपवाद एक, उर्बिना वकील. वकील म्हणायचं, कारण सगळे म्हणत. कोर्टाची पायरी तो चढल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. रहिवासी समितीचा अध्यक्ष. त्याची भिंतीकडची गाडी म्हणजे रणगाडाच, आणि तिचं बूड आडव्या गाडीच्या जागेत हातभर घुसलेलं. त्याला बूच ठेवलं की तो ते बोटाने टिचकी मारून उडवायचा आणि शीळ घालत निघून जायचा. बूच लाजणाऱ्यालाच लागतं, हे कुकाला तेव्हाच कळायला हवं होतं.

लाजणारा होता एलिहिओ मास्तर. तळमजल्यावर, फाटकाशेजारच्या खोल्यांत एकटा राहणारा, शाळेतून निवृत्त झालेला, हळू आवाजाचा माणूस. दुसरी आडवी जागा त्याची होती. अर्धांगाचा झटका येऊन त्याचा डावा पाय ओढत चालायला लागला, तेव्हा त्याने जुनी गाडी विकून एक ऑटोमॅटिक घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी ती जागची हलेना. चौघांनी जोर लावला तरी हलेना. कुकाने बूच ठेवलं. मास्तर बाहेर आला, बूच हातात घेतलं आणि अपराध्यासारखा म्हणाला, “न्यूट्रलमध्ये ठेवली तर किल्ली निघत नाही हो, दोन्या कुका. यंत्रच तसं आहे.”

“किल्ली निघत नाही, की खिशातून हात निघत नाही?” कुका म्हणाली.

सगळं अंगण हसलं. मास्तरही कसंनुसं हसला. त्यानंतर रोज सकाळी त्याच्या बॉनेटवर बूच असे. तो पहाटे उठून गाडी बाहेर काढून ठेवू लागला, तरी कधी उशीर झाला की बूच होतंच. शेवटी त्याने अंगणातली जागाच सोडली. काही महिने येऊद्याला पैसे देऊन गाडी रस्त्यावर ठेवली, मग तीही विकून टाकली आणि घरात बसला. त्याची जागा उर्बिनाने बायकोच्या गाडीसाठी लाटली. कुकाच्या मते मास्तराने कांगावा केला होता. यंत्र म्हणे तसं! जगात कोणती गाडी न्यूट्रलमध्ये जात नाही?

आणि मग तिचा गुडघा गेला.

गुडघा डावाच, क्लचचा. या शहरात गाडी चालत नाही, सरपटते, आणि प्रत्येक सरपटीला एकदा क्लच. तेही कुठवर चालायचं? एके दिवशी व्हियादुक्तो महामार्गाच्या कोंडीत तिचा पाय वर येईचना. मागच्यांनी भोंग्यांचा उच्छाद मांडला, एकाने तिच्या आईचा उद्धार केला, आणि तिने बसल्या जागी हाताने गुडघा उचलून बाजूला ठेवला. डॉक्टरने एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की क्लच बंद, नाहीतर चालणं बंद. कुकाला त्या डॉक्टरचीही शिसारी आली. त्याचे खालचे दात पुढे आलेले होते आणि तो तिला अवयवांबद्दल शिकवत होता.

म्हणजे पांगुळगाडा घ्यायचा. तिने तीन दिवस कोणाशी बोलणं टाकलं आणि मग कोंपाद्रे तिबुर्सिओला फोन केला. तिबुर्सिओ तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. गाड्यांतलं सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत होतं.

“कोमाद्रे, उंच गाडी घ्या,” तो म्हणाला. “उंच बसलं की लोक दबून असतात.”

“मला दाबायचे असतात ते जबडे,” कुका म्हणाली. “मला लहान डिकीवाली हवी. कवळ्यांचे डबे बंद डिकीत राहिले पाहिजेत, काचेतून दिसता कामा नयेत. गेल्या वर्षी चोराने काच फोडून सोळा कवळ्या नेल्या. त्या घालून हसतोय मेला कुठेतरी.”

त्यामुळे सेडान हे ठरलं. लांबी किती हा खरा प्रश्न. तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडवली आणि अंगणातल्या आपल्या जागेच्या दोन टोकांना, खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत धरली. मग पुढे-मागे ढकलायला जेवढी मोकळी जागा लागते, तेवढी वजा करून दोरीला गाठ मारली. गाठीच्या आत बसेल ती गाडी आपली. ढकलणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून गाठ तिने बोटभर आखूडच मारली. इतका विचार तिने केला, आणि ती गाडी ढकलता येईल का, हा एवढाच केला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्या माणसाला आपलं मुसळ दोरीने मोजूनही सापडत नाही.

पहिल्या शोरूममध्ये सुगंधाचा असा मारा केलेला होता की तिला मळमळलं. चकचकीत बुटांचा विक्रेता तिला ‘सेन्योरिता’ म्हणाला. साठीच्या बाईला सेन्योरिता, म्हणजे कुमारी, म्हणणाऱ्या माणसाला तिच्या मते तुरुंगात टाकायला हवं होतं. तो सगळं तिबुर्सिओला सांगत होता: पडदा केवढा, आवाजावर खिडकी कशी उघडते, सीट कशी गरम होते. साहेबांना कोणता रंग आवडेल, असंही त्याने विचारलं.

“साहेबांना विचारू नका,” कुका म्हणाली. “साहेब बसने आलेत.”

मग तिने पिशवीतून दोरी काढली, एक टोक तिबुर्सिओच्या हातात दिलं आणि गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत ताणली. गाडी गाठीच्या वीतभर बाहेर. विक्रेता गालात हसला आणि लांबी कागदावर छापलेली आहे म्हणाला. कागद खोटं बोलतो, दोरी बोलत नाही, असं सांगून कुका दुसऱ्या गाडीकडे गेली. तीही बाहेर. सगळ्याच बाहेर. शहरात जागा मुंगीएवढी आणि गाड्या दरवर्षी फुगतायत; हे कोणाला विचित्र वाटत नाही याचीच तिला चीड आली. तिबुर्सिओ एव्हाना त्या गरम सीटवर बसून डोळे मिटून घेत होता. त्याला तिने तसंच सोडून दिलं असतं, पण दोरीचं टोक त्याच्याकडे होतं.

तिसऱ्या ठिकाणी गाठीच्या आत बसणारी एक मिळाली. राखाडी, तोंडावळा बटाट्यासारखा, डिकी मात्र ऐसपैस. तिथला विक्रेता घामेजलेला आणि कमी बोलणारा होता, हीच त्याची मोठी लायकी. तो शेजारी बसला आणि तिने गाडी सुरू केली. पहिल्याच सिग्नलला तिच्या डाव्या पायाने क्लच समजून ब्रेक असा हाणला की विक्रेत्याचं कपाळ पुढे आपटलं. डावा पाय म्हणजे जन्मभराचा नोकर. कामावरून काढला तरी सवयीने हजर होणारा. पुढच्या सिग्नलला तेच. तिसऱ्याला विक्रेत्याने आधीच दोन्ही हात पुढे टेकवून ठेवले.

“डावा पाय सीटखाली दुमडून बसा, दोन्या,” तो म्हणाला. “सगळे तसंच शिकतात.”

मग त्याने तिला एका अरुंद गल्लीत नेलं, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत लावून बघा म्हणाला. तिने ब्रेकवरचा पाय नुसता सैल केला, आणि गाडी आपणहून मागे रांगायला लागली. क्लच जळल्याचा वास नाही, हिसका नाही, चढावर मागे घसरायची भीती नाही. जरा दाबलं की थांबायची, जरा सोडलं की बोटभर सरकायची. तिच्या जुन्या गाडीला ज्या फटीत घाम फुटला असता तिथे ही मांजरासारखी शिरली. कुकाला ते आवडलं, आणि आवडल्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं आपण गुडघा झिजवला तो कोणत्या मर्दुमकीसाठी, असा एक विचार मनात येऊन गेला. तो तिने तिथल्या तिथे दडपला.

शनिवारी संध्याकाळी बटाटा अंगणात आला. तिने तो खांब आणि टाकी यांच्यामध्ये अलगद लावला. दोरीने म्हटल्याप्रमाणे जागा उरली. जिन्यावरून चार लोक बघत होते, म्हणून तिने कपाळावरची आठी कायम ठेवली. मग दांडा न्यूट्रलमध्ये टाकला, गाडी बंद केली आणि किल्ली ओढली.

किल्ली निघाली नाही.

तिने पुन्हा ओढली. फिरवून ओढली, दाबून ओढली, तोंडातल्या तोंडात एक घाणेरडा शब्द उच्चारून ओढली. मग दांडा ‘पी’वर, म्हणजे चाकं जखडणाऱ्या पार्किंगवर सारला, आणि किल्ली लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. पुन्हा घातली, न्यूट्रलमध्ये टाकली: निघत नाही. कुकाने काचेतून बाहेर पाहिलं. समोर मास्तराची खिडकी होती, पडदा ओढलेला. पडदा हलला असं तिला वाटलं. कदाचित वाराही असेल.

शोरूमला फोन लावला तर घामेजलेला विक्रेता म्हणाला, सगळ्या अशाच असतात. न्यूट्रलमध्ये ठेवायची तर किल्ली आत राहू द्यायची. म्हणजे दिवसभर सताड उघड्या फाटकाच्या अंगणात किल्ली लावलेली गाडी! त्यापेक्षा चोराच्या घरी नेऊन ओवाळणीच का घालू नये? उर्बिना बायकोच्या गाडीने केर्नावाकाला गेलेला होता, त्याचा रणगाडा सोमवार सकाळपर्यंत हलणार नव्हता. तोवर काहीतरी सुचेल, असं म्हणून तिने गाडी ‘पी’मध्ये सोडली आणि वर गेली. सुचलं काहीच नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी उठून गाडी बाहेर काढू, एवढंच तिने ठरवलं. मास्तरही तेच करायचा, हे मनात आलं तेव्हा तिने कूस बदलली.

सोमवारी ती उठली खरी, पण गुडघा उठेना. शेकून, पट्टी बांधून खाली उतरली आणि आधी कोपऱ्यावर गेली, कारण पोटात काही नसताना तिला माणसं सहन होत नसत. पावात घातलेला तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा, घेऊन ती परतली, तर फाटकातूनच भोंगा ऐकू आला. उर्बिना त्या दिवशीच लवकर निघाला होता. टाय खांद्यावर टाकून तो तिच्या गाडीला रेटत होता, सोबत वरच्या मजल्यावरचे दोघे. गाडी ढिम्म. आणि बॉनेटवर, मधोमध, एक बूच उभं.

कोणी ठेवलं ते तिने विचारलं नाही. कोणीही ठेवलं असेल. पद्धत तिचीच होती.

“हलत का नाही ही?” उर्बिनाने विचारलं. त्याला कारण माहीत होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

कुकाने तामाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सांगावं लागणार होतं आणि सांगायला दुसरे शब्दच नव्हते. “न्यूट्रलमध्ये ठेवली तर किल्ली निघत नाही,” ती म्हणाली.

“किल्ली निघत नाही, दोन्या कुका,” उर्बिना म्हणाला, “की खिशातून हात निघत नाही?”

अंगण हसलं. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, आणि कुकाला ते चांगले दिसले: उर्बिनाचे वरचे चार तिनेच बसवून दिलेले होते. इतक्या सुंदर दातांतून इतकी घाण बाहेर येते, याचा तिला उबग आला. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की वाक्य मुळात त्याचं नव्हतं. ते कोणाच्या तोंडातून आधी बाहेर आलं होतं हे तिला माहीत होतं, आणि तळमजल्यावरच्या पडद्यामागे आणखी एकाला माहीत होतं.

तिने गाडी काढली, उर्बिनाचा रणगाडा गेला, आणि संध्याकाळी समिती बसली. समिती म्हणजे जिन्यातला उर्बिना. त्याने दोन पर्याय दिले. एक, तिने आपली किल्ली समितीकडे, म्हणजे त्याच्याकडे ठेवावी. तो लागेल तशी गाडी हलवेल. दोन, अंगणातली जागा सोडावी. त्याच्या मेव्हण्यालाही जागा हवीच होती. वरच्या मजल्यावरच्यांनी माना डोलावल्या. नियम तो नियम, दोन्या कुका, तुम्हीच तर सांगायचात, असं एक बाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जी गोडी होती ती ऐकून कुकाच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

उर्बिनाच्या हातात किल्ली? ती दुसऱ्या दिवसापासून गाडी रस्त्यावर लावू लागली.

येऊद्याने लाल फडकं झटकून तिचं असं स्वागत केलं की जणू तिची वाटच बघत होता. बादली उचलली, “येऊ द्या, येऊ द्या, माझ्या राणी,” म्हणाला. पहिल्या दिवशी जागा घरापासून दोन चौक लांब, दुसऱ्या दिवशी बाजारापलीकडे. कवळ्यांचे डबे दोन हातांत घेऊन, पट्टी बांधलेल्या गुडघ्याने, उखडलेल्या पदपथावरून ती चालत येई. आठवडा संपायच्या आत बाजूचा एक आरसा गेला. येऊद्या म्हणाला, त्याने काही पाहिलं नाही, तो तेव्हा जेवत होता. आणि शुक्रवारी झाडाच्या मुळाने उचललेल्या फरशीला तिचा पाय अडकला, डबा सुटला आणि नार्वार्ते भागातल्या डॉक्टरने मागवलेली पूर्ण वरची कवळी रस्त्यावर पडून एका मोटारसायकलखाली गेली. गुलाबी चुरा झाला. कुका तिथेच पदपथाच्या कडेवर बसली. माणसं तिला ओलांडून जात होती. केरेतारो, जावई, टीव्ही, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं. टीव्हीच्या वर जावयाने ठेवलेला प्लॅस्टिकचा फुलांचा गुच्छसुद्धा दिसला.

मग तिला आणखी काहीतरी दिसलं, आणि ते जावयापेक्षाही वाईट होतं. याच रस्त्यावरून, येऊद्याच्या जागेपासून फाटकापर्यंत, एक माणूस ओढत्या पायाने महिनोन्‌महिने चालत आला होता. तिने त्याला तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं होतं. पाहून खिडकी लावून घेतली होती. थंडी होती म्हणून, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. तिला आता स्वतःची किळस आली ती अशी की, उर्बिनाची, येऊद्याची, सगळ्या शहराची आजवर आलेली किळस त्यापुढे चिल्लर वाटली.

दिवसभर घरात असतो, किल्ली सांभाळून ऑटोमॅटिक गाडी हलवू शकतो, असा इमारतीत एकच माणूस होता. हे तिला सोमवारीच ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याला हसलेलेही सगळेच, म्हणून तर कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने तळमजल्याचं दार वाजवलं. आतून पाय ओढत येण्याचा आवाज आला आणि दार उघडेपर्यंत तिला पळून जाता येईल एवढा वेळ मिळाला. गुडघ्यामुळे पळता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. मास्तराने दार उघडलं. तो वाळला होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्याचंसुद्धा.

कुकाने किल्ली पुढे केली. 

मास्तराने किल्लीकडे पाहिलं, मग तिच्या पट्टीकडे. “न्यूट्रलमध्ये निघत नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही निघत.”

“हं,” मास्तर म्हणाला.

त्याने किल्ली घेतली. दारामागे भिंतीत एक रिकामा खिळा होता, त्याच्या स्वतःच्या किल्लीचा असणार. पण त्याने ती लगेच अडकवली नाही. फळीवरून कॉफीची एक मोठी बरणी काढली, झाकण उघडलं आणि आत हात घातला. बरणी बुचांनी भरलेली होती. काही काळपटलेली, काहींवर खाणावळीचा शिक्का अजून दिसत होता. एकही त्याने फेकलं नव्हतं. त्याने त्यातलं एक निवडलं, खुर्चीत बसून दाभणाने त्याला सावकाश भोक पाडलं आणि किल्लीच्या कडीत ओवलं. कुका उंबऱ्यात उभी राहून बघत होती. आत या असं तो म्हणाला नव्हता.

“आता एकेकाची गाडी ऑटोमॅटिक होईल, वरच्यांच्याही किल्ल्या येतील इथे,” तो म्हणाला. “सगळ्या सारख्याच दिसतात, दोन्या कुका. तुमची कोणती, ते मला कळायला हवं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे तिने कान देऊन ऐकलं. नव्हता. टोमणा असता तर तिला परत काही बोलता आलं असतं.

त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून राखाडी बटाटा पुन्हा अंगणात आडवा उभा राहतो, आणि कोणाला जायचं असेल तर मास्तर बाहेर येतो, सावकाश आत बसतो आणि गाडी बोटभर बोटभर रांगवत पुढे घेतो. उर्बिनालाही थांबावं लागतं. मास्तर अजिबात घाई करत नाही. त्याला ते काम जमतं, आणि आवडतंही असावं. कुका सकाळी किल्ली घेते, संध्याकाळी देते. दोघांत बोलणं म्हणावं असं होत नाही.

बूच तिने काढलेलं नाही. डॉक्टरांच्या टेबलावर ती किल्ली टाकते तेव्हा कोणी ना कोणी विचारतंच. नार्वार्तेच्या दवाखान्यातली मुलगी परवा हसून म्हणाली, वाईन फार आवडते वाटतं तुम्हाला.

“वाईनच्या वासाने मला ओकारी येते,” कुका म्हणाली. “नाव आहे ते माझं.”

मुलीला काही कळलं नाही. कुकाने कवळीचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.